घरापुरते राज्य

१९२७ सालच्या आरंभी मुसोलिनीच्या इटलीत २५ ते ६५ वयाच्या अविवाहित पुरुषांवर कर बसला. पाद्री सुटले, युद्धात जायबंदी झालेले सुटले. बाकीच्यांनी लग्न न केल्याचे पैसे सरकारजमा करायचे आणि ते माता-बालकल्याणाच्या सरकारी संस्थेकडे जायचे. सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासमंडळात ही गोष्ट निघाली तेव्हा हशा पिकला. माझा भाचा तिशी ओलांडलेला, हिंजवडीत नोकरीला, आणि लग्नाचा विषय निघाला की चपला शोधू लागणारा. तो म्हणाला, “मामा, म्हणजे माझ्या पगारातून टीडीएसच कापला असता की!” हसून झाल्यावर मंडळातल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांनी विचारले, “पण हुकूमशहाला लोकांच्या लग्नाशी एवढे काय देणेघेणे?”

याचे ठरीव उत्तर असे, की सैन्याला माणसे लागतात आणि माणसे घरात जन्मतात. ते चुकीचे नाही, पण त्याने फार थोडे उलगडते. एवढ्यानेच भागत असते तर सरकारने पाळणाघरे काढली असती, दूध स्वस्त केले असते. पुरुष कसा दिसावा, कसा चालावा, त्याने घरात कोणावर हात उगारावा आणि कोणापुढे मान तुकवावी यात एवढे लक्ष घातले नसते. मला गेली काही वर्षे वाचताना वाटत आले आहे, की हुकूमशाही पुरुषाशी एक व्यवहार करते. तुझे मत, तुझी संघटना, तुझी जीभ आणि वेळ पडल्यास तुझा जीव आमच्या स्वाधीन कर. बदल्यात घरापुरते राज्य तुझे. हा करार कोणी स्टॅम्पपेपरवर करत नाही. पण कायद्याच्या कलमांतून, बक्षिसांतून आणि छायाचित्रांतून तो स्वच्छ वाचता येतो. त्यातली मेख अशी, की सरकार तो सोयीने मोडू शकते, आणि मोडले की पुरुषाला दाद मागायला जागा उरत नाही, कारण ती जागाच त्याने आधी देऊन टाकलेली असते.

मुसोलिनीच्या इटलीत हा व्यवहार जवळजवळ रंगमंचावर चालला होता. २६ मे १९२७ रोजी संसदेत केलेल्या लांबलचक भाषणात त्याने बजावले, की इटलीची लोकसंख्या चार कोटींवरून शतकाच्या मध्यापर्यंत सहा कोटींवर गेली पाहिजे. गव्हाच्या मळणीला तो उघड्या अंगाने उतरे आणि छायाचित्रकार नेमके हजर असत. वृत्तपत्रांना मात्र त्याचा वाढदिवस किंवा तो आजोबा झाल्याची बातमी छापायला मनाई होती. राष्ट्राचा आदर्श पुरुष म्हातारा होऊन चालत नाही. फौजदारी कायद्याची गोष्ट तर आणखी मासलेवाईक आहे. त्याच्या आधीच्या मसुद्यात समलिंगी संबंधांना शिक्षा ठेवली होती, पण १९३० मध्ये मंजूर झालेल्या कायद्यातून ते कलम गाळले गेले. कारण असे, की कायद्याने दखल घ्यावी इतका हा प्रकार इटलीसारख्या देशात नाहीच! पुढे १९३९ मध्ये सिसिलीतल्या कातानिया शहरातून काही डझन पुरुषांना उचलून आड्रियाटिक समुद्रातल्या सान दोमिनो बेटावर हद्दपार केले, तेही खटला न चालवता, निव्वळ पोलिसी हुकुमाने. कायद्याच्या पुस्तकात ते पुरुष नव्हते, बेटावर होते.

करारातली पुरुषाच्या बाजूची कमाईही मोजून दिलेली दिसते. जर्मनीत १९३३ पासून नवविवाहितांना एक हजार मार्कांपर्यंत कर्ज मिळू लागले. अट अशी, की नोकरी करणाऱ्या बायकोने नोकरी सोडायची. आणि कर्ज नवऱ्याच्या हाती पडे. प्रत्येक अपत्यामागे पाव कर्ज माफ होई. इटलीत १९३८ मध्ये कचेऱ्यांतल्या स्त्रियांचे प्रमाण दहा टक्क्यांवर आणून ठेवणारा हुकूम निघाला. एका पुरुषाला नोकरी, त्याच्यावर अवलंबून असलेली बायको आणि समाजात कुटुंबप्रमुख म्हणून मान, एवढे सगळे एकदम मिळत असेल, तर युनियन बंद पडली, निवडणूक संपली, शेजारचा माणूस रात्रीतून नाहीसा झाला, याकडे काणाडोळा करणे फारसे जड जात नाही. बहुतेकांना गेले नाही. आणि एवढा खटाटोप करूनही इटलीतला जन्मदर पुढची कित्येक वर्षे खालीच येत राहिला, हे जाता जाता सांगायला हवे.

त्याच १९२७ च्या जुलैत र. धों. कर्वे यांनी मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. संततिनियमनाचे त्यांचे काम १९२१ पासूनच चालू होते. मुसोलिनीच्या भाषणानंतर दोन महिने उलटायच्या आत एक मराठी माणूस उलट बाजूने बोलू लागला होता: मूल किती आणि केव्हा हा बाईचा प्रश्न आहे, राष्ट्राच्या खातेवहीचा नाही. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी निकाल विरुद्धच गेला. महर्षी कर्व्यांचा मुलगा म्हणून पुण्यात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांनी लिहिले काय, हे विचारले तर पुष्कळदा विषय बदलतो. दुसरीकडे मार्च १९३१ मध्ये गोलमेज परिषदेहून परतताना हिंदू महासभेचे नेते डॉ. बा. शि. मुंजे रोमला थांबले. त्यांनी मुलांना गणवेश घालून कवायत शिकवणाऱ्या ‘बालिला’ संघटनेचे काम पाहिले, १९ मार्चला मुसोलिनीची भेट घेतली, आणि जे पाहिले त्याचे कौतुक स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवले. नाशिकची भोसला सैनिकी शाळा त्यांनी १९३७ मध्ये काढली. परकीयांच्या राज्यात शस्त्राला हात लावण्याची मुभा नसलेल्या पिढीला त्या कवायतीची भुरळ का पडली, हे मला समजू शकते. पण रोममध्ये ज्यांना पावले जुळवायला शिकवले जात होते त्या मुलांपैकी कित्येकांना पुढे कोणाच्या निर्णयामुळे मरायला जावे लागले, तेही नजरेआड करता येत नाही.

या व्यवहाराची आपली अशी मराठी आवृत्ती आणखी जुनी आहे, आणि ती पुण्यातच लिहिली गेली. १८५७ च्या उठावानंतर राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यात सरकारने प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन दिले. राज्य आमचे, धर्म आणि घर तुमचे, असा तो सरळ हिशेब होता. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, ती पुण्यात छापली गेली. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर झालेल्या खटल्याच्या संतापातून ती उभी राहिली. तिच्यात पुरुषांना विचारलेला एक प्रश्न मला विशेष मोलाचा वाटतो: तुमचे पोशाख बदलले, चालीरीती बदलल्या, राज्य गेले तरी तुम्ही निमूट बसलात; मग धर्म राखण्याची सगळी जबाबदारी घरातल्या बाईच्याच डोक्यावर का? करारातली खोच त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती.

त्यानंतर नऊ वर्षांनी संमतिवयाचा वाद पेटला. कलकत्त्याची फुलमणी ही जेमतेम अकरा वर्षांची मुलगी, पस्तिशीतल्या नवऱ्याने केलेल्या शरीरसंबंधामुळे मेली. मार्च १८९१ मध्ये कायद्याने अशा संबंधाला मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा केले. दहावरून बारा, एवढाच तो बदल. पण त्यासाठी पुणे दुभंगले. रा. गो. भांडारकर आणि न्यायमूर्ती रानडे कायद्याच्या बाजूने, लोकमान्य टिळक विरोधात. टिळकांचा आक्षेप मुख्यतः हा, की आपल्या समाजाची सुधारणा आपण करू, परकीय सरकारने त्यात हात घालू नये. या आक्षेपात राजकीय शहाणपण होते, हे मान्य करावेच लागेल. तरीही आज ते सारे वाचताना जाणवते, की दोन्ही बाजूंचे विद्वान शास्त्र, सरकार आणि राष्ट्र यांच्याविषयी रकानेच्या रकाने लिहीत होते आणि फुलमणी फारशी कोणाच्याच वाक्याचा कर्ता नव्हती. बाहेरचे राज्य हातचे गेलेल्या समाजाला उंबऱ्याच्या आतली सत्ता ही शेवटची गढी वाटत होती, आणि गढीच्या रक्षणात आत कोण अडकले आहे ते बघायला सवड नव्हती.

मंडळात एकाने विचारले, की मग शरीर कमावणे, ताकद, रग यांना तुम्ही वाईटच म्हणणार का? पुण्यात हा प्रश्न अपेक्षितच होता, कारण इथल्या पेठापेठांत तालमी होत्या आणि खुद्द टिळकांनी कॉलेजचे पहिले वर्ष व्यायामात घालवल्याची कथा आम्ही शाळेपासून ऐकत आलो. मी स्वतः लहानपणी पेठेतल्या एका तालमीत जात असे. आखाड्याच्या लाल मातीत तेल, ताक, हळद घालून वस्ताद ती फावड्याने खालीवर करून घेत. जोर-बैठका झाल्या की थोरल्या पोरांची अंगे आम्ही रगडायची आणि मग त्यांनी आमची. पडलेल्या पोराच्या पाठीवरची माती जिंकलेला पोरगा झाडून देई. नाही दिली तर वस्ताद त्याला दुसऱ्या दिवशी आखाड्यात उतरू देत नसत. शाळेतली कवायतही मी त्याच वर्षांत केली, आणि दोन्हींतला फरक अंगाला कळला होता. कवायतीत सगळ्यांचे पाऊल एकदम पडावे लागते. कुस्तीत दोघांची पावले एकदम पडू लागली तर कुस्तीच होत नाही. ताकदवान शरीर आणि हुकमी शरीर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि हुकूमशाहीला दुसरी हवी असते. पहिलीचा ती जाहिरातीपुरता उपयोग करते. आमच्या तालमीलाही मी सोवळे ठरवत नाही. त्या मातीत मुलींना पाऊल टाकू देत नसत, आणि वस्तादांची बायको रोज सकाळी दाराबाहेर उभी राहून दुधाची कासंडी आत देई, ती आत कधीच आली नाही.

हुकमी शरीर कसे घडवतात याचे नमुने देशोदेशी पडले आहेत. तुर्कस्तानात १९२५ च्या कायद्याने फेज टोपी गेली आणि पाश्चात्य हॅट सक्तीची झाली. इराणात १९३६ मध्ये रझाशाहच्या पोलिसांनी स्त्रियांच्या डोक्यावरची वस्त्रे ओढून काढली, आणि १९७९ नंतरच्या राजवटीने ती पुन्हा सक्तीने चढवली. सप्टेंबर २०२२ मध्ये डोक्यावरच्या वस्त्राच्याच कारणावरून पकडलेली महसा अमिनी ही तरुणी तिथे पोलिसांच्या ताब्यात मेली. चीनच्या प्रसारण खात्याने २०२१ मध्ये ‘बायकी’ दिसणाऱ्या पुरुषांना पडद्यावरून हटवण्याचा आदेश दिला. अफगाणिस्तानात तालिबानच्या २०२४ च्या कायद्याने स्त्रीचा आवाज घराबाहेर ऐकू येणे गुन्हा ठरले. त्याच कायद्याने पुरुषाची दाढी मुठीपेक्षा आखूड असता कामा नये असेही ठरले. स्त्रीवरचा जुलूम अर्थातच कैक पटींनी भयंकर आहे, त्याची दाढीशी बरोबरी होणार नाही. मात्र बायकोचा आवाज कोंडण्याचा अधिकार मिळाला म्हणून सुखावलेल्या माणसाची हनुवटीही आता सरकारी मालकीची झाली आहे.

करार कसा मोडतो याचे सर्वांत उघडे उदाहरण अलीकडच्या रशियाचे आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथे कायद्यात बदल झाला. घरातल्या माणसाला मारहाण केली, गंभीर इजा झाली नाही आणि वर्षातला पहिलाच प्रसंग असेल, तर तो फौजदारी गुन्हा उरला नाही. दंड किंवा फार तर पंधरा दिवसांची कोठडी. संसदेच्या कनिष्ठ सभागृहात ३८० विरुद्ध ३ मतांनी हे मंजूर झाले. कुटुंबात सरकारने नाक खुपसू नये, हे समर्थन १८९१ चे पुणे वाचलेल्या माणसाला ओळखीचे वाटावे. उघड्या अंगाने घोड्यावर बसलेल्या राष्ट्राध्यक्षाची छायाचित्रे त्याआधीच जगभर गेली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये दहा मुलांच्या आईला ‘वीरमाता’ किताब देण्याची स्टालिनच्या काळातली प्रथा पुन्हा सुरू झाली, जोडीला दहा लाख रुबल, आणि पुढच्याच महिन्यात, २१ सप्टेंबरला, तीन लाख पुरुषांना युक्रेनच्या युद्धावर बोलावणारा हुकूम निघाला. जॉर्जिया आणि कझाकस्तानच्या सीमांवर मोटारींच्या रांगा लागल्या. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्या घरातली सत्ता कायद्याने मोकळी करून दिली होती त्यांना त्याच घरातून बाहेर काढण्यासाठी एक कागद पुरला, आणि त्याविरुद्ध बोलण्याची मुभा तोवर संपलेली होती.

बोलल्या त्या बायका. २०२३ पासून रणांगणावर अडकलेल्या सैनिकांच्या पत्नी डोक्याला पांढरे रुमाल बांधून मॉस्कोत अज्ञात सैनिकाच्या समाधीवर फुले ठेवू लागल्या. त्यांची मागणी बंडखोरीची नव्हतीच, आमचे नवरे घरी पाठवा एवढीच होती. २०२४ मध्ये सरकारने त्यांच्या गटाला ‘परकीय हस्तक’ ठरवले.

पांढरा रुमाल पाहिला की अर्जेंटिना आठवते. ३० एप्रिल १९७७ रोजी ब्यूनोस आयरीसच्या प्लाझा दे मायो चौकात चौदा बायका लष्करी राजवटीत नाहीशा झालेल्या आपल्या मुलांचा ठावठिकाणा विचारायला जमल्या. घोळक्याने उभे राहायला बंदी, म्हणून पोलिसांनी त्यांना हटकले, तर त्या चालू लागल्या आणि दर गुरुवारी चालत राहिल्या. पुढे त्यांनी डोक्याला जे रुमाल बांधले ते बाळांच्या लंगोटांचे होते. देश, धर्म, कुटुंब यांच्या नावाने राज्य करणाऱ्या लष्करशहांनी त्यांना ‘वेड्या’ म्हटले, पण हसण्यावारी नेले नाही. त्यांच्या म्होरक्यांपैकी असुसेना विल्याफ्लोर यांना डिसेंबर १९७७ मध्ये पळवून ठार केले, आणि त्यांचे अवशेष २००५ मध्ये ओळखले गेले. आईला देवी म्हणून मखरात बसवणाऱ्या राजवटीला खरी अडचण होते ती आईने आपले आईपण मनावर घेतल्यावर. पुरुषाने करारात जे गमावले होते ते तिच्याकडून घ्यायचे राहून गेले होते, कारण तिला करारात पक्षकार म्हणून कोणी धरलेच नव्हते.

आता आपल्या घरची गोष्ट. आणीबाणीत माझे वडील पुणे जिल्ह्यातल्या एका गावी प्राथमिक शिक्षक होते आणि शनिवारी संध्याकाळी एसटीने पुण्याला घरी येत. १९७६ च्या त्या दिवसांत शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक सगळ्यांना नसबंदीच्या ‘केसेस’ आणायचे आकडे ठरवून दिले होते, आणि आकडा भरला नाही तर पगारवाढ अडेल अशी तंबी होती. एका शनिवारी गावातला एक हमाल त्यांच्या मागोमाग आमच्या बिऱ्हाडी आला. गावात बोलायची सोय नव्हती म्हणून एवढ्या लांब आला होता. आईने चहा दिला तो त्याने तसाच बाजूला ठेवला. खाली बघतच तो म्हणाला, “गुरुजी, नाव तुमच्या वहीत लिवा, पण चावडीवर वाचू नका. पोती उचलायचं बळ जातं म्हणत्यात. आन् बळ नाय गेलं तरी लोक तसंच म्हणणार.” वडिलांनी त्याला बळ जात नाही हे समजावले. दुसऱ्या वाक्याला त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

१९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर तीन अपत्यांनंतर सक्तीची शस्त्रक्रिया करणारे विधेयक मंजूरही केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही. सरकारने इथे उंबरा ओलांडून थेट पुरुषाच्या देहाला हात घातला होता. तोही अर्थात सर्व पुरुषांच्या नाही. हमाल, शेतमजूर, दलित, मुसलमान, शिपाई, ज्यांच्याकडे घरापुरतेही धड राज्य नव्हते, त्यांच्यावरच आकडे भरले गेले. सदाशिव पेठेत चावडीवर नाव वाचले जाण्याची भीती कोणाला नव्हती. १९७७ च्या निवडणुकीत उत्तर भारतात काँग्रेसचा धुव्वा उडाला, पुण्यातून जनता पक्षाचे मोहन धारिया निवडून आले, आणि पराभवाच्या कारणांत वृत्तपत्रांवरच्या निर्बंधांइतकेच, किंबहुना गावाकडे त्याहून अधिक, नसबंदीचे नाव घेतले गेले.

त्यानंतर जे झाले त्याकडे आमच्या मंडळातही कोणाचे लक्ष गेले नव्हते. नव्या सरकारने कुटुंबनियोजन खात्याचे नाव कुटुंबकल्याण केले, पुरुषांना पुन्हा हात लावायची कोणाची छाती झाली नाही, आणि आकडे भरायचे ओझे मुकाट्याने बायकांवर सरकले. लक्ष्ये ठरवून देण्याची पद्धत देशभर थांबायला १९९६ उजाडले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के निघाले. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, टाक्यांशिवायही होणारी, आणि बाईची पोटाला छेद देऊन. वडिलांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत शाळेत येणाऱ्या नर्सबाई त्यांना अजूनही “गुरुजी, केस आहे का एखादी?” असे विचारत, तेव्हा दोघांनाही ती बाईचीच हे सांगावे लागत नसे. लोकशाही परत आली होती, निवडणुका वेळेवर होत होत्या, आणि तेवढ्यावरून सरकार पडेल अशी धास्ती मुंबईत किंवा दिल्लीत कोणालाच नव्हती.